मूळ फोटो जपा, प्रत झाका

सुट्टीचा एकच दिवस, कपडे धुवायचे, घरी फोन करायचा, तरी तुम्ही आलात. म्हणून वेळ न घालवता कामाचं बोलतो.

पगार अडकला की आपण पहिलं काय करतो? पगाराची पावती, करारपत्र, पासपोर्ट यांचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. "कोणीतरी मदत करा." मदत मागण्यात काही गैर नाही. पण तो फोटो तासाभरात कुठल्या कुठे जातो आणि त्याबरोबर तुमचा पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, गावाचा पत्ताही जातो. तेव्हा फोटो कसा झाकायचा, तेही फुकटात, एवढंच आज सांगणार आहे.

पहिला नियम सगळ्यात मोठा. मूळ फोटोला हात लावायचा नाही. फोनने काढलेल्या फोटोत तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते, लोकेशन चालू असेल तर जागासुद्धा. उद्या लेबर ऑफिसात किंवा दूतावासात तक्रार करताना हाच तुमचा पुरावा. म्हणून आधी प्रत काढा आणि जे काही करायचं ते प्रतीवर करा. मूळ फोटो घरच्या विश्वासू माणसाला पाठवून ठेवायचा असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आतली नोंद निघून जाते.

आता साधनं. 'फ्री फोटो एडिटर' असं शोधलं की शंभर साइट येतात. फुकट आहे म्हणून पासपोर्ट कुठेही चढवू नका. काही साइट तुमचा फोटो त्यांच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवतात, काही सगळं काम तुमच्याच फोनवर करतात. हा फरक महत्त्वाचा. फोटोपी ही साइट ब्राउझरमध्ये उघडते, खातं काढावं लागत नाही आणि फोटो तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर राहतो. स्क्वूशही तशीच. ती फोटो लहान करायला चांगली. तक्रारीच्या पोर्टलवर 'फाइल मोठी आहे' म्हणून फोटो चढत नाही ना, तेव्हा चार एमबीचा फोटो काहीशे केबीवर आणता येतो. कॅनव्हा पोस्टरसाठी उत्तम, पण तिथे टाकलेला फोटो त्यांच्याकडे जातो. रक्तदान, गणपती, सभा यांचं पोस्टर तिथे खुशाल करा, पासपोर्ट मात्र तिथे नको.

आता काय झाकायचं? पासपोर्टवरचा नंबर सगळे झाकतात. पण फोटोच्या पानावर अगदी खाली बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, त्या बघा. तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, मुदत सगळं तिथे पुन्हा छापलेलं असतं. वरचा नंबर झाकला आणि खालच्या ओळी उघड्या ठेवल्या, तर दाराला कुलूप लावून खिडकी उघडी टाकल्यासारखं झालं. शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो, तोही झाका. एमिरेट्स आयडीचा नंबर 784 ने सुरू होतो आणि पुढचे चार आकडे म्हणजे तुमचं जन्मसाल. त्या कार्डाची मागची बाजूही झाका. बारकोड आणि क्यूआर कोड विसरू नका. आपल्याला वाचता येत नाहीत, पण मशीनला येतात.

कसं झाकायचं? हायलायटरने काळं करू नका. तो रंग अर्धवट पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे आकडे दिसतात. धूसर केलेले आकडेही कधीकधी ओळखता येतात. सरळ काळा भरीव चौकोन ठेवा. मग झाकलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तोच पुढे पाठवा. स्क्रीनशॉट का? 2023 साली उघड झालं की गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापून टाकलेला भाग फाइलमध्ये लपून राहत होता आणि तो परत काढता येत होता. ती चूक नंतर दुरुस्त झाली. पण स्क्रीनशॉटला दोन सेकंद लागतात आणि फोटोतली जागेची नोंदही त्यात येत नाही. पीडीएफवर काळी पट्टी ठेवली तरी खालची अक्षरं कॉपी होऊ शकतात. तिथेही हाच उपाय.

खोलीत बारा जण झोपतात हे दाखवायचं असेल, तर सोबत्यांचे चेहरे झाका. ज्याला त्रास होईल तो तुमच्याच शेजारच्या बेडवरचा भाऊ असतो. आणि अमिरातीत परवानगीशिवाय दुसऱ्याचा फोटो काढून पसरवणं गुन्हा ठरू शकतं. 2021 च्या सायबर कायद्यात तशी तरतूद आहे. ग्रुपवर टाकण्यापेक्षा तो फोटो तक्रारीसोबत द्या.

एक गोष्ट कधीच करू नका. कागदावरची तारीख, रक्कम, सही 'नीट' करायला ही साधनं वापरू नका. खरी तक्रार असली तरी बदललेला कागद दिसला की तुमच्यावरच खोटेपणाचा आळ येतो. ऑफिसात मूळ फोटोच द्यायचा. झाकलेली प्रत फक्त बाहेरच्यांसाठी.

आणि लक्षात घ्या, जे आपल्याला फुकट मिळतं ते ठगालाही मिळतं. गावाकडच्या पोराला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिसाचा फोटो आला, त्यावर शिक्का आहे, सही आहे, म्हणून तो खरा होत नाही. असा कागद कोणीही घरी बसून बनवतो. व्हिसा त्या देशाच्या सरकारी साइटवर तपासायचा आणि एजंटचं नाव आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर आहे का ते बघायचं. त्याआधी एक रुपया द्यायचा नाही. हे आज फोनवर घरी सांगा.

आता फोन काढा. पासपोर्टच्या फोटोची प्रत करा, त्या खालच्या दोन ओळी शोधा आणि झाका. जमलं की शेजारच्याला दाखवा. अडलं तर मी इथेच आहे, चहा होईपर्यंत.