पाण्याच्या पाळीत बाईचं नाव

बारामतीहून इंदापूरला निघालं की भवानीनगर, सणसर, लासुर्णे मागे टाकल्यावर आमचं अंथुर्णे लागतं. स्त्रियांचा विकासातला सहभाग हा विषय मला दिला आहे. कविता लिहिणाऱ्या बाईला असा विषय दिला की ती पंखांविषयी आणि आभाळाविषयी बोलेल, अशी लोकांची अपेक्षा असते. मी सातबाऱ्याविषयी बोलणार आहे.

बाईनं गावचा कारभार पाहणं आमच्या भागाला नवं नाही. बारामती तालुक्यातल्या निंबूतमध्ये १९६३ साली सगळी ग्रामपंचायतच बायकांची होती. तेव्हा आरक्षण कुठलं? पुढे १९९०मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा दिल्या, १९९३मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं देशभर एक तृतीयांश जागा आल्या, १९९४मध्ये राज्याचं पहिलं महिला धोरण आलं आणि २०११मध्ये निम्म्या जागा राखीव झाल्या. खुर्ची मिळाली. सरपंचपतीवर विनोदही भरपूर झाले. मला त्या विनोदांचा कंटाळा आला आहे. पहिल्या वर्षी नवऱ्याला विचारून सही करणारी बाई तिसऱ्या वर्षी कागद वाचून सही करते, हे गावोगावी दिसतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. ग्रामपंचायत ठरवते काय? दिवाबत्ती, गटार, रस्ता, प्यायचं पाणी. ही कामं लहान नाहीत. पण नीरा डाव्या कालव्यावरच्या आमच्या पट्ट्यात घराचं बरंवाईट ठरतं ते शेतीच्या पाण्यावर आणि उसावर. १८८०च्या दशकापासून हा कालवा वाहतो आहे. आवर्तन कधी सुटणार, फाट्याला किती दिवस मिळणार, टेलच्या रानापर्यंत पाणी पोचणार का, यावर मुलीचं कॉलेज आणि लग्न दोन्ही अवलंबून असतं.

आणि दारं कोण धरतं? रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन नवऱ्याबरोबर बाईही रानात असते. नवरा कामाला बाहेरगावी असेल तर ती एकटीच जाते. कुठला बांध फुटतो, कुठल्या सरीत पाणी तुंबतं, वरचा शेतकरी पाळी संपली तरी दार का बुजवत नाही, हे तिला पाटकऱ्याइतकंच ठाऊक असतं. पण पाणी मागणीचा अर्ज भरला जातो तो जमीन ज्याच्या नावावर त्याच्या नावानं. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा राज्यानं २००५मध्ये केला. त्यातून पाणी वापर संस्था निघाल्या. कल्पना चांगलीच आहे. पण संस्थेचं सभासदत्व जमीनधारकाला. साखर कारखान्यातही तेच. संचालक मंडळावर दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात, पण आधी सभासद व्हावं लागतं आणि तिथला रस्ता सातबाऱ्यावरून जातो. म्हणजे जिला पाण्याचं सगळं कळतं, ती पाण्याच्या बैठकीत चहा पाठवण्यापुरती.

देशाच्या २०१५-१६च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावावरची वहितीखातेदारी सुमारे १४ टक्के निघाली. शंभरात चौदा. शेतावर मात्र शंभरातल्या किती राबतात, ते कुठल्याही दुपारी आमच्या शिवारात फिरून बघावं.

कायदा नाही असंही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४मध्ये दिला, देशानं २००५मध्ये. आमच्या मुसलमान घरांत तर मुलीचा वाटा धर्मानंच सांगितलेला, मुलाच्या निम्मा का असेना. पण वाटपाचा दिवस आला की सगळ्या घरांत एकच कागद येतो, हक्कसोडपत्र. त्यावर सही करताना बहीण म्हणते, “माहेर तुटायला नको.” माझी अम्मीही हेच म्हणाली होती. साडीचोळी आणि दिवाळी-ईदचं बोलावणं याच्या बदल्यात एकर-दीड एकर सुटतं. मला हा सौदा कधीच पटला नाही. पण भावाचं दार बंद झालं तर अडल्या दिवशी जायचं कुठं, हा तिचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून मी अम्मीशी वाद घातला नाही.

माहेरचं सोडलं तर सासरचं तरी? १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेनं शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावात नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून दिली. १९९२मध्ये सरकारनंच लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. अर्ज मात्र नवऱ्यानं करायचा, ही त्यातली मेख. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज जातो त्याच्याकडेच. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. बचत गटाचे हप्ते आणि हळदीकुंकू यांच्या पलीकडे जाऊन त्या सभेनं कधीतरी एवढंच विचारावं, की आपल्या गावात किती जणांनी असा अर्ज केला?

सातबारा आता मोबाइलवर कुणालाही बघता येतो. परवा आमच्या गल्लीतल्या चौघीजणी ओट्यावर बसून आपापल्या घरचे गट नंबर घालून बघत होत्या. दोघींना आपलं नाव कुठंच दिसलं नाही. एकीचं नवऱ्याच्या नावाखाली निघालं, तर तिनं दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. चौथीचं नाव होतं, पण ‘इतर अधिकार’ या रकान्यात, विहिरीच्या नोंदीच्या आणि सोसायटीच्या बोज्याच्या मध्ये.