काठावरचा माणूस



शिरूर अनंतपाळाहून समुद्र फार दूर. तेव्हा मच्छीमारांच्या सुरक्षिततेचा विषय आम्ही येथे कशासाठी आणला, असे कोणीही विचारील. परंतु घरणीच्या तलावात जाळे टाकणाराही आपलाच माणूस आहे. आणि पाणी खारे असो वा गोडे, बुडण्याची रीत एकच.

११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' वादळ कोकण किनाऱ्यावर आले, मच्छीमार दगावले. त्याची वृत्ते सर्वत्र छापून आली. शांत पाण्यात एकटाच खलाशी नौकेवरून पडतो, त्याची मात्र पुष्कळदा नोंदही होत नाही. मासेमारीत जगभर वर्षाला २४ हजार माणसे मरतात, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९९ सालचा अंदाज होता. २०२२ च्या एका अभ्यासाने तो आकडा १ लाखाच्या वर नेला.

माणूस पडतो कसा? जाळे सुटत असताना दोराचा पेच पायात बसतो. ओल्या फळीवरून पाय घसरतो. लहान नौकेवर शौचकूप नसतो, म्हणून रात्री काठावर बसावे लागते. इंजिनाच्या आवाजात हाक विरते, आणि सोबत्यांच्या ध्यानात येईतो नौका पुढे गेलेली असते. 'आमचा गडी पट्टीचा पोहणारा' हा भरवसा येथे फोल ठरतो. पाय जाळ्यात गुंतल्यावर पोहणार कसे?

प्रेत सापडले नाही, तर घरच्यांचे हाल आणखी निराळे. बेपत्ता माणूस मृत मानण्यास कायदा सामान्यतः सात वर्षे थांबावयास लावतो. तोवर त्या बाईने कपाळाला कुंकू लावावे की नाही, हेही तिला कोणी सांगू शकत नाही.

उपाय महागडे नाहीत. तरंगते जाकीट खणात नव्हे, अंगावर असावे. दोर तोडण्यास सुरी हाताशी असावी. भिजलेला माणूस वर ओढणे अवघड, म्हणून काठाला दोराची शिडी असावी. कोणी पडलाच, तर एकाने बोट रोखून त्याच्यावरची नजर हलवू नये. तांडेलाने नौका वळवावी आणि माणूस पंख्याजवळ येण्यापूर्वी इंजिन थांबवावे.

तलावावर तर थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवेच्या ट्यूबवर माणूस पुष्कळदा एकटाच असतो. त्याने जोडीदाराशिवाय जाऊ नये. तलावाचा ठेका घेणाऱ्याने जाळ्याबरोबर जाकीटही द्यावे, असा आग्रह त्या तलावाची मासळी खाणाऱ्या आपण गावकऱ्यांनी धरावा, एवढीच आमची विनंती आहे.