हंगामापुरते आलेले विद्यार्थी



दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. रेठरे बुद्रुक, यशवंतनगर, साखराळे या परिसरात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात आणि गावाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या दोघांनी हंगामभर राबून फेडावयाची असते. दिवस उजाडण्यापूर्वीच ती फडात जातात. मागे धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपी राखणारी मुलगी उरते. आज मला बोलावयाचे आहे ते तिच्याविषयी.

माझ्या नोकरीच्या आरंभीची एक चूक प्रांजळपणे सांगतो. मी ज्या शाळेत होतो, तेथे टोळीतील एक मुलगी रोज दाराशी येऊन उभी राहत असे. मी तिला आत घेतले. परंतु दाखला नाही म्हणून तिचे नाव पटावर घेतले नाही आणि मागील भिंतीशी तिला निराळे बसविले. आपण दया केली, असे मला वाटत होते. मुलगी चलाख होती. जोडाक्षरे वाचू लागली. पुढे कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी एका रात्रीत निघून गेली. तिच्या गावच्या गुरुजींना दोन ओळी लिहाव्यात, तर नाव-गावाची नोंद मजपाशी नव्हती. वर्गातील मुलांना विचारले, तर त्यांना ती ‘टोळीवाली’ एवढीच ठाऊक होती. हे नाव मी उच्चारले नव्हते. पण माझ्या बैठकीच्या व्यवस्थेने मीच ते त्यांना शिकविले होते.

आता तशी सबब कोणासही उरलेली नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये जन्माचा पुरावा नाही किंवा शाळा सोडल्याचा दाखला आला नाही, म्हणून प्रवेश नाकारता अथवा लांबविता येत नाही. मूल वयानुरूप वर्गात बसवावयाचे आणि मागे पडलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढावयाचा. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश पाहणे हे तर स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे आपलेच, कर्तव्य म्हणून त्या कायद्यात नमूद आहे.

परंतु कायदा पटावर नाव आणील. वर्गात स्थान देणे शिक्षकाच्याच हाती आहे. गाव आणि कोप्या यांच्यामध्ये एरवी व्यवहार होतो तो किराणा दुकानापुरता. दोन्हीकडची माणसे एका ठिकाणी बसतील असे स्थळ गावात एकच आहे, ते म्हणजे आपली शाळा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. आपल्या शाळेतही पोषण आहाराची पंगत रोज बसते. तेथे पाहुणे मूल कोणाशेजारी बसते, हे आपण पाहतो काय?

परगावी उपरेपण सोसणे आपल्या जिल्ह्यांनाही नवे नाही. पाटण-जावळीची माणसे मुंबईत माथाडी झाली, खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर देशभर विखुरले. जत तालुक्यातूनही लोक ऊसतोडीस जातात. आपल्या लेकरांना तेथील गुरुजींनी कसे वागवावे असे आपणांस वाटते, तसेच आपण येथे वागावे.

म्हणून माझी विनंती मोजकी आहे. टोळी उतरताच पहिल्या आठवड्यात कोप्यांवर जावे आणि आईबापांशी बोलून मुलांची नावे पटावर घ्यावीत. धाकटे भावंड बरोबर आले तर परत पाठवू नये. त्याला अंगणवाडीत पोहोचवावे. मुलांना नावाने हाक मारावी आणि गावच्या मुलांमध्ये मिसळून बसवावे. त्यांच्या बोलीतील वेगळा शब्द चूक म्हणून हसण्यावारी न नेता फळ्यावर लिहावा. पट्टा पडण्याच्या सुमारास शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हाती द्यावे आणि मूळ शाळेस कळवावे.

मूल आपल्याकडे पाच-सहा महिने राहील. परंतु ते जेवढे दिवस आहे, तेवढे दिवस ते पूर्णपणे आपले आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीचे नाव मला आजही सांगता येत नाही. आपणांवर तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.