‘प्लस’चें गणित

सन २०२१ च्या जूनमध्यें महाराष्ट्रांत ‘डेल्टा प्लस’ करोनाचे २१ रुग्ण सांपडल्याचें सरकारनें जाहीर केलें. त्यांतले नऊ एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांतले होते. मिरजोळ्यापासून संगमेश्वरापर्यंत कोणीही ‘प्लस’चा अर्थ एकच घ्यावा, हें स्वाभाविक होतें: आधींच्या बळांत नव्या बळाची भर! परंतु विषाणूचें गणित असें बेरजेचें नसतें; बदलाचा गुण त्याच्या सोबतीवरून ठरतो.

विषाणूच्या कांटेरी प्रथिनांत ४१७ व्या स्थानीं लायसिनऐवजीं अ‍ॅस्परॅजिन आलें, हाच मुख्यतः तो ‘प्लस’. या बदलानें कांहीं प्रतिपिंडांस चकवितां येतें, पण मानवी पेशीवरील विषाणूची पकडही सैल होते. दक्षिण आफ्रिकेंत २०२० सालीं आढळलेल्या बीटा प्रकारांत हाच बदल होता; तेथें ५०१ व्या स्थानचा दुसरा बदल ती पकड पुनः घट्ट करी. डेल्टापाशीं असा जोडीदार नव्हता. प्लस हा मूळ डेल्टास मागें टाकूं शकला नाहीं, याचें हें एक कारण असावें.

वर्षअखेर आलेल्या ओमायक्रॉनपाशीं मात्र दोन्ही बदल होते. शिवाय ४९८ व्या स्थानचा तिसराही होता. हा एकटा असतां पकड किंचित् ढिली करतो, आणि ५०१ च्या संगतींत तीच कित्येक पटींनीं वाढवितो. डेल्टास अखेर हटविलें तें या ओमायक्रॉननें.