सुनेच्या फ्रिजमधलं चीज

मी आर्मी सर्व्हिस कोअरमधला. जवानांचं रेशन, दूध, मांस, भाजी हे माझं खातं. लोक विचारतात, "कर्नलसाहेब, लढाई पाहिलीत का?" मी सांगतो, दुधाच्या एका कॅनने अख्खी कंपनी आडवी झालेली पाहिली आहे.

१९९२ साली आम्ही उधमपूरला होतो. तिकडे कलाडी मिळते, कच्च्या दुधाचं देशी चीज म्हणा. तव्यावर तिच्याच तुपात खरपूस भाजून खातात. आमच्या हिला सातवा महिना होता आणि तिला ती न भाजता, नुसती तोडून खायला आवडायची. मीच आणून द्यायचो. पुढे तिला ताप आला, अंग दुखायला लागलं. "फ्लू असेल, गोळी घे," म्हणालो आणि युद्धसरावाला निघून गेलो. मुलगा आठव्या महिन्यात झाला, तीन आठवडे काचेच्या पेटीत होता. कारण कलाडीच होतं असं मी म्हणणार नाही, तपासणीच झाली नव्हती. पण ती करायला हवी हे मला ठाऊक नव्हतं, आणि अन्न तपासणं हा तर माझा पेशा!

त्या जंतूचं नाव लिस्टेरिया. बाकीचे बहुतेक जंतू फ्रिजमध्ये गारठून बसतात, हा तिथेही हळूहळू वाढतो. पदार्थाला वास येत नाही, चव बदलत नाही. गरोदर बाईला याची लागण होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दहापट. तिला स्वतःला थोडा ताप येतो, बाळ मात्र दगावू शकतं. शिवाय त्रास कधीकधी खाल्ल्यानंतर कित्येक आठवड्यांनी दिसतो. तोवर काय खाल्लं होतं हे कोणाला आठवणार?

१९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून ही साथ आली. १४२ रुग्ण, त्यांतले ९३ गरोदर बायका आणि नवजात बाळं. ४८ मृत्यू, त्यांत २० पोटातली बाळं. पाश्चराइज्ड दुधात कच्चं दूध मिसळलं जात असावं, असं तपासात दिसलं.

पाश्चरायझेशन म्हणजे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवणं. एवढ्याने लिस्टेरिया मरतो. आपलं डब्यातलं प्रोसेस्ड चीज तर बनतानाच पुन्हा तापवलेलं असतं, ते खुशाल खा. चेडार, पार्मेझान यांसारख्या कडक चीजमध्ये पाणी कमी, त्यामुळे धोकाही कमी. सांभाळायचं ते ब्री, कॅमंबेअर, निळ्या बुरशीचं चीज. दूध पाश्चराइज्ड असलं तरी हे ओलसर असतं आणि नंतरही जंतू शिरू शकतो. वाफ येईपर्यंत शिजवलं तर हरकत नाही. पनीर उकळत्या दुधाचं असतं खरं, पण दुकानातल्या उघड्या परातीतलं, दहा हात लागलेलं पनीर कच्चं सॅलडमध्ये घालू नका. भाजीत शिजवा.

तो पेटीतला मुलगा आता गुरुग्रामला असतो. सूनबाईंना सहावा महिना चालू आहे. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा फ्रिज उघडून लेबलं वाचत बसलो. ती म्हणाली, "बाबा, इन्स्पेक्शन आहे का?" ब्रीचा एक डबा निघाला, भेट आलेला. कोणत्या दुधाचा, लेबलावर काहीच नव्हतं. मी ओव्हन लावला, ब्रेडवर घालून ते बुडबुडे येईपर्यंत भाजलं. तिने दोन तुकडे खाल्ले, उरलेलं मुलाने. आणि तिला सांगून ठेवलंय, थंडी-ताप आला तर गोळी घेऊन झोपायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, काय खाल्लं ते सांगायचं आणि रक्ताचं कल्चर करायला हवं का, हे विचारायचं. वेळेत कळलं तर अँटिबायोटिकने हा आजार बरा होतो. तिने ते कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलंय.