केडगावची प्रार्थना आणि कष्ट

पंडिता रमाबाईंना दुष्काळ पोथीतून कळला नव्हता. 1870च्या दशकात उपासमारीने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण हिरावून नेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या.

पुढे 1883मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि 1889मध्ये मुंबईत 'शारदा सदन' ही शाळा उघडली. खरी कसोटी लागली ती 1896-97च्या दुष्काळात. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे भुकेल्या मुली-बायका आणल्या. पुण्याजवळच्या केडगावच्या माळावर 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दिलेली मदतीची हमी दहा वर्षांचीच होती, आणि तीही संपत आली होती. उद्याचे धान्य कुठून येणार, हा प्रश्न रमाबाई रोज प्रार्थनेत देवापुढे मांडत.

मात्र त्यांची प्रार्थना हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, मुली विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. 1900मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आधीच भरलेल्या घरात रमाबाईंनी आणखी शेकडो जणींना जागा दिली. आशेचे याहून धीट रूप क्वचितच दिसते.

1921मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. स्वतःची प्रकृती खालावलेली असतानाही हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देते.