‘क्वारंटाइन’ दिसलं म्हणजे काम संपलं नाही

मी भिलाईच्या मोहन नगरातून बोलतोय. छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळणं हा माझा व्यवसाय. अँटिव्हायरसच्या कन्सोलवर धोका सापडल्याची सूचना आली की पुढे काय करायचं, एवढाच आजचा विषय.

प्रत्येक संगणकावर एक एजंट बसवलेला असतो. सापडलेल्या मालवेअरची खबर तो कन्सोलकडे पाठवतो. तिथे यादी दिसते: कोणतं मशीन, कोण लॉगिन होतं, मालवेअरचं नाव, फाइल कुठे होती, केव्हा सापडली आणि काय कारवाई झाली. बहुतेक जण शेवटचाच रकाना बघतात. ‘क्वारंटाइन’ दिसलं की टिक करून मोकळे. पण क्वारंटाइन म्हणजे फाइल कोंडून ठेवली, इतकंच. चोराची पिशवी हाती लागली. चोर कुठल्या दारानं आला, हे अजून कळायचंय.

म्हणून आधी फाइलची जागा वाचा. डाउनलोड फोल्डर असेल तर ब्राउझरमधून आली असण्याची शक्यता जास्त. वेगळा ड्राइव्ह असेल तर पेन ड्राइव्ह कुणी लावला, ते विचारा. तीच फाइल त्याच मशीनवर रोज सकाळी सापडत असेल, तर तिला परत आणणारं काहीतरी शिल्लक आहे: एखादं शेड्यूल्ड टास्क, किंवा शेअर्ड फोल्डरला जोडलेला, एजंट नसलेला दुसरा संगणक.

मग नाव वाचा. नको असलेला टूलबार निघाला तर गोष्ट किरकोळ. पण अकाउंट्सच्या मशीनवर ‘मिमिकॅट्झ’ सापडलं, तर खुर्चीतून उठा. हे मेमरीतले पासवर्ड काढण्याचं हत्यार आहे. फाइल पुसली गेली तरी पासवर्ड आधीच गेलेले असू शकतात.

याचं मोठं उदाहरण २७ जून २०१७ चं. त्या दिवशी पसरलेल्या नॉटपेट्यानं मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं ठप्प केलं आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही अडलं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. मिमिकॅट्झसारख्याच तंत्रानं ते पासवर्ड उचलत होतं. त्यामुळे मायक्रोसॉफ्टचे पॅच टाकलेली मशीनही वाचली नाहीत. कंपनीला सुमारे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्यानं उभे करावे लागले.

यातून कामाचा क्रम ठरतो. पहिलं, मशीन नेटवर्कपासून तोडा. कन्सोलवर ‘आयसोलेट’ असेल तर ते दाबा, नसेल तर केबल काढा आणि वाय-फाय बंद करा. मशीन बंद मात्र करू नका, मेमरीतला पुरावा जातो. दुसरं, त्या मशीनवर अ‍ॅडमिन पासवर्डनं लॉगिन करू नका. तो आयता चोराच्या हाती पडेल. तिसरं, तीच फाइल आणखी कुठे आहे, ते कन्सोलवर शोधा. चौथं, तिथे वापरलेले पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून बदला. हे झाल्यावरच नोंद ‘रिझॉल्व्ह्ड’ करा, आणि कारण दोन ओळींत लिहून ठेवा.

हिशोबाचं सॉफ्टवेअर अडतंय म्हणून त्याचा अख्खा फोल्डर तपासणीतून वगळायला सांगणारे बरेच भेटतात. न्हावा शेवाचं उदाहरण त्यांना जरूर सांगा. चुकीनं अडकलेली एखादी फाइल असेल, तर तेवढीच खात्री करून सोडवा.

सूचना येणं पुरेसं नसतं, हे अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीनं २०१३ मध्ये अनुभवलं. सुरक्षा यंत्रणेनं इशारा दिला होता, तो बंगळूरच्या चमूनं पुढे कळवलाही होता. वेळेत हालचाल झाली नाही, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली.

शेवटी कायद्याचं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, मालवेअर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी कळवायची असते, आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. नोंदी नीट असतील तरच हे ६ तास पुरतात.

उद्या कन्सोल उघडाल तेव्हा लाल खुणांबरोबर आणखी एक रकाना बघा: कुठलं मशीन बरेच दिवस कन्सोलशी बोललेलंच नाही? तपासणी तिथून सुरू करा.